पुरुष नेता आडनावाने, बाई नेता पहिल्या नावाने: असं का होतं?

२ जून २०२४ला मेक्सिकोत राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झालं. रिंगणात तिघं होते: क्लाउदिया शेनबाम, सोचित्ल गाल्वेस आणि होर्हे आल्वारेस माइनेस. पहिल्या दोघी बायका, तिसरे पुरुष. प्रचारभर फलकांवर, घोषणांत आणि लोकांच्या तोंडी जी नावं होती ती अशी: क्लाउदिया, सोचित्ल आणि माइनेस. शेनबाम भौतिकशास्त्र शिकलेल्या, मेक्सिको सिटीसारख्या अवाढव्य शहराचा कारभार सांभाळलेल्या. गाल्वेस अभियंता आणि सिनेटर. माइनेस तिघांत वयाने सर्वांत लहान. तरी आडनाव त्यांच्याच वाट्याला आलं.

आता रोज वाचनात येणारी नावं आठवून बघा. ट्रम्प, पुतिन, मोदी, मॅक्रों, नेतान्याहू. आणि बायका? हिलरी, कमला, बेनझीर, जॅसिंडा, ममता. मर्केल आणि थॅचर यांची आडनावं चालली, त्यांच्याकडे पुढे येतेच. पण कल कुठे आहे ते दिसतं.

गेली काही वर्षं मी परदेशी बातम्या मराठीत लिहिते. २०२४च्या अमेरिकी निवडणुकीच्या, डोनाल्ड ट्रम्प विरुद्ध कमला हॅरिस लढतीच्या दिवसांतला माझा मजकूर परवा पुन्हा काढून वाचला. एकाच परिच्छेदात, दोन ओळींच्या अंतराने, होतं: 'ट्रम्प यांनी आरोप केला' आणि 'कमला यांनी उत्तर दिलं'. असं लिही म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी ते बदललं नाही, वाचकांपैकी कोणी हटकलं नाही. हात आपोआप तसा वळला होता. तो का वळतो आणि त्याने काही बिघडतं का, हे नीट उलगडून बघायला हवं असं मला तेव्हापासून वाटतंय.

## हाक म्हणजे अंतर मोजायची पट्टी

कुणाला काय म्हणून हाक मारायची यावरून दोन माणसांतलं नातं कळतं. १९६०च्या सुमारास रॉजर ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर याचा अभ्यास केला. त्यातून निघालेली गोष्ट साधी आहे. दोघंही एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारत असतील तर ती सलगी. दोघंही एकमेकांना आदरार्थी, आडनावाने बोलावत असतील तर ते अंतर. आणि एकाने 'सुनीता' म्हणायचं, दुसरीने 'हो, सर' म्हणायचं, असं असेल तर ती सत्ता. या तिसऱ्या प्रकाराला आपण 'एकतर्फी हाक' म्हणू.

म्हणजे पहिलं नाव मुळात वाईट नाही. मैत्रिणीने नावाने हाक मारली की बरंच वाटतं. ते खुपतं कधी, तर एकाच खोलीत, एकाच वेळी, एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं लागतं तेव्हा.

नेत्यांच्या बाबतीत ही खोली म्हणजे आपलं वाक्य. 'ट्रम्प आणि कमला' असं म्हणताना आपण दोघांशीही बोलत नसतो, पण त्यांना शेजारी उभं केलेलं असतं. एकाला पदाच्या अंतरावर आणि दुसरीला घरच्या अंतरावर. राजकारणात तर सगळा खेळच पदाच्या अंतराचा असतो. सैन्याला आदेश देणारी, अर्थसंकल्पावर सही करणारी व्यक्ती लोकांना ओसरीवरच्या माणसासारखी जवळची वाटावी, हे ठीकच. पण ती फक्त जवळचीच वाटली तर सही करण्याचा तिचा अधिकार मनात ठसत नाही.

## मोजून पाहिलं तेव्हा

'हे सगळं वाटण्यावर आहे' असं कुणी म्हणेल, म्हणून आकडे बघू.

२०१८ साली स्टाव अतीर आणि मेलिसा फर्ग्युसन या दोन संशोधिकांनी आठ प्रयोग आणि पाहण्या मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. विज्ञान, साहित्य, राजकारण अशी क्षेत्रं, आणि रेडिओवरच्या चर्चांपासून प्राध्यापकांबद्दल विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या शेऱ्यांपर्यंत सगळं त्यात होतं. लोक पुरुषांचा उल्लेख केवळ आडनावाने करण्याची शक्यता बायकांच्या तुलनेत सरासरी दुपटीहून जास्त निघाली. एका प्रयोगात तर शास्त्रज्ञच काल्पनिक होता. आडनाव तेच, कामाची माहिती तीच, फक्त पहिलं नाव कुणाला पुरुषाचं दिलेलं, कुणाला बाईचं. माहिती आपल्या शब्दांत लिहा म्हटल्यावर तिथेही पुरुषाचंच आडनाव जास्त वेळा आलं.

याच अभ्यासाचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्या शास्त्रज्ञाचा उल्लेख नुसत्या आडनावाने झाला, तो वाचणाऱ्यांना जास्त नामवंत वाटला. संशोधनासाठीचा एक मानाचा राष्ट्रीय पुरस्कार कुणाला मिळावा असं विचारलं तेव्हा आडनाववाला उमेदवार १४ टक्के अधिक पात्र ठरला. काम तेच होतं, फक्त उल्लेख वेगळा. न्यूटन, डार्विन, आइन्स्टाईन ही नावं आपण कशी घेतो ते बघा, आणि त्यांच्या रांगेतली एकच बाई बघा: 'मादाम क्युरी'. १९०३ आणि १९११, दोन वेगवेगळ्या विषयांत दोन नोबेल, तरी नुसतं 'क्युरी' म्हटलं की वाक्य अर्धवट राहिल्यासारखं वाटतं.

दुसरा अभ्यास २०१७चा, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधला. मोठ्या रुग्णालयांत डॉक्टरांसमोर डॉक्टरांची व्याख्यानं होतात, आणि आधी कुणीतरी वक्त्याची ओळख करून देतं. त्या ओळखींची चित्रमुद्रणं संशोधकांनी तपासली. सभागृहात बसलेला प्रत्येक जण डॉक्टर, बोलणारा डॉक्टर, ओळख करून देणाराही डॉक्टर. पुरुषांनी पुरुष वक्त्याची ओळख करून दिली तेव्हा ७२.४ टक्के वेळा 'डॉक्टर' ही उपाधी लावली. पुरुषांनी बाई वक्त्याची ओळख करून दिली तेव्हा ४९.२ टक्के वेळा. म्हणजे पुरुषांनी ओळख करून दिली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा बाई वक्ता 'डॉक्टर' या उपाधीविनाच व्यासपीठावर आली. बायकांनी ओळख करून दिली तेव्हा मात्र वक्ता कुणीही असो, ९६.२ टक्के वेळा उपाधी होती. त्यांना बहुधा ठाऊक असतं, उपाधी गळली की काय गळतं ते.

खेळातही हेच. १९८९ सालच्या टेनिसच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणांचा अभ्यास झाला तेव्हा समालोचकांनी स्त्री खेळाडूंना ५२.७ टक्के वेळा नुसत्या पहिल्या नावाने संबोधलेलं आढळलं, पुरुषांना ७.८ टक्के. आणि २००८मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवण्यासाठी हिलरी क्लिंटन लढत होत्या तेव्हाच्या वृत्तवाहिन्यांच्या अभ्यासात दिसलं की त्यांचा उल्लेख पुरुष प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जास्त सलगीने होत होता, आणि तसं करण्यात पुरुष निवेदक पुढे होते.

## बाईचं आडनाव नेमकं कुणाचं?

यामागे फक्त कुणाचा तरी उद्धटपणा आहे असं मला वाटत नाही. आडनाव नावाच्या गोष्टीची घडणच अशी आहे की ती पुरुषाला चिकटून राहते आणि बाईकडे पाहुणी म्हणून येते.

हिलरींचंच उदाहरण घ्या. हिलरी रॉडम यांनी १९७५ साली बिल क्लिंटन यांच्याशी लग्न केलं आणि आपलं आडनाव कायम ठेवलं. १९८०मध्ये बिल आर्कान्सा राज्याच्या गव्हर्नरपदाची निवडणूक हरले. पराभवाच्या कारणांची चर्चा झाली तेव्हा 'बायको नवऱ्याचं आडनाव लावत नाही' हेही त्यात आलं. १९८२मध्ये बिल पुन्हा उभे राहिले तेव्हा त्या हिलरी क्लिंटन झाल्या होत्या. पुढे त्या स्वतः निवडणुकीला उभ्या राहिल्या तेव्हा 'क्लिंटन' म्हटलं की लोकांना आठवायचे बिल. नवऱ्याच्या मतांसाठी जे आडनाव घ्यावं लागलं, ते स्वतःच्या मतांच्या वेळी उपयोगी पडेना. उरलं काय? हिलरी. बाईच्या आयुष्यात जन्मापासून शेवटपर्यंत न बदलणारं नाव बहुतेकदा हेच एक असतं.

आता मर्केल. त्यांचं जन्माचं आडनाव कास्नर. 'मर्केल' हे पहिल्या नवऱ्याचं. १९८२मध्ये त्या लग्नाचा घटस्फोट झाला, १९९८मध्ये त्यांनी योआखिम झाउअर यांच्याशी लग्न केलं, पण आडनाव जुनंच राहिलं आणि तेच जर्मनीच्या चान्सेलरपदावर सोळा वर्षं गाजलं. थॅचर हेही नवऱ्याचंच आडनाव. मग या दोघींना आडनावाने का ओळखलं गेलं? माझं मत असं की त्यांची आडनावं सार्वजनिक जीवनात रिकामी होती. त्या आडनावाचा आधी कुणी नामांकित पुरुष नेता झालेला नव्हता. तरीही जर्मनीत मर्केल यांना 'मुट्टी', म्हणजे आई, हे नाव पडलंच, आणि थॅचर यांची 'मॅगी' झालीच. भारतात ममता बॅनर्जींना दीदी, जयललितांना अम्मा, मायावतींना बहेनजी म्हणतात तेही याच घराण्यातलं. अधिकार मान्य करायचा, पण आधी तिला नात्यात बसवायचं.

वर्तमानपत्रांचे नियमही बाईच्या आडनावापाशी अडखळत आले आहेत. १९८४मध्ये जेराल्डिन फेरारो अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या. न्यूयॉर्क टाइम्समध्ये तेव्हा बाईच्या आडनावाआधी 'मिस' किंवा 'मिसेस' लागायचं. फेरारो हे त्यांचं माहेरचं आडनाव, नवऱ्याचं आडनाव झाकारो. 'मिस' म्हणावं तर लग्न झालेलं. 'मिसेस फेरारो' म्हणावं तर फेरारो आडनावाचा नवराच अस्तित्वात नाही, तसं म्हटलं तर त्यांच्या आई मिसेस फेरारो. वर्तमानपत्राने 'मिसेस फेरारो'च चालवलं, आणि लग्नाचा पत्ता न सांगणारं 'मिझ' १९८६मध्ये स्वीकारलं. फेरारो यांच्याबरोबर अध्यक्षपदासाठी उभे असलेल्या मॉन्डेल यांच्या नावाआधी 'मिस्टर' लावताना कुणाला एक क्षणही विचार करावा लागला नाही.

## 'एकाच घरातले दोघं असले की नावानेच सांगावं लागणार ना?'

हा आक्षेप रास्त आहे. बऱ्याच देशांत बायका सत्तेच्या शिखरावर पहिल्यांदा पोचल्या त्या घराण्याच्या वाटेने. श्रीलंकेत १९६०मध्ये सिरिमावो बंदरनायके, भारतात १९६६मध्ये इंदिरा गांधी, पाकिस्तानात १९८८मध्ये बेनझीर भुट्टो. वडिलांचं किंवा नवऱ्याचं आडनाव आधीच इतिहासात जमा झालेलं असताना वेगळं ओळखायला पहिलं नाव हाताशी येणं साहजिक आहे.

पण एकाच घरातले दोन पुरुष असतात तेव्हा काय होतं बघा. अमेरिकेत बाप-लेक दोघंही बुश आणि दोघंही राष्ट्राध्यक्ष. लोकांनी 'थोरले बुश, धाकटे बुश' केलं, मधल्या आद्याक्षरावरून मुलाला ओळखलं, पण आडनाव दोघांकडेही राहिलं. दोन रूझवेल्ट झाले तेव्हा दुसऱ्याची आद्याक्षरं झाली, एफडीआर. केनेडी बंधूंची जेएफके आणि आरएफके. म्हणजे गोंधळ टाळायचे मार्ग भरपूर आहेत. पुरुषासाठी ते शोधले जातात. घराण्यातल्या पुरुषाला कधी पहिल्या नावाने ओळखत नाहीत असं नाही. जेब बुश यांनी २०१६च्या प्रचारात नुसतं 'जेब' लावलं, राहुल आणि संजय ही नावं आपण घेतोच. पण पुरुषाच्या बाबतीत हा अनेकांतला एक मार्ग असतो. बाईच्या बाबतीत तो पहिलाच सुचतो.

## 'मग बोरिसचं काय?'

ब्रिटनचे माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन जगभर 'बोरिस' होते. अमेरिकी सिनेटर बर्नी सँडर्स 'बर्नी' आहेत. ब्राझीलचे नेते लूला तर टोपणनावानेच ओळखले जातात, ते टोपणनाव त्यांनी रीतसर आपल्या नावात घालून घेतलं.

जॉन्सन यांचं पूर्ण नाव अलेक्झांडर बोरिस द फेफल जॉन्सन. घरचे त्यांना 'अल' म्हणतात. म्हणजे 'बोरिस' हे घरातलं नाव नव्हेच, ते जनतेसाठी बाहेर काढून ठेवलेलं नाव. त्यामागचं गंभीर आडनाव कुठे जात नाही, हवं तेव्हा ते परत पांघरता येतं. पुरुष नेत्याचं वजन लोकांनी आधीच गृहीत धरलेलं असतं, त्यात सलगीने थोडा गोडवा येतो. बाईचा गोडवा गृहीत धरलेला असतो, आणि वजन तिला रोज नव्याने सिद्ध करावं लागतं. त्यामुळे तीच सलगी एकाला नफ्यात टाकते, दुसरीला तोट्यात.

## 'अहो, पण तीच स्वतःला तसं म्हणवून घेते'

हा आक्षेप सगळ्यांत भक्कम, आणि त्यासाठी इटलीचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे.

२०१९मध्ये रोममधल्या सभेत जॉर्जा मेलोनी गरजल्या होत्या, 'मी जॉर्जा आहे, मी बाई आहे, मी आई आहे'. २०२२मध्ये त्या इटलीच्या पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या. जून २०२४मध्ये युरोपीय संसदेची निवडणूक आली. तिथे मतदार आपल्या पसंतीच्या उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर स्वतःच्या हाताने लिहू शकतो. मेलोनींनी सांगितलं, आडनाव लिहू नका, फक्त 'जॉर्जा' लिहा. असं मत बाद ठरू नये म्हणून उमेदवार यादीत त्यांचं नाव 'जॉर्जा मेलोनी, ऊर्फ जॉर्जा' असं नोंदवलं गेलं. देशाची पंतप्रधान, आणि मतपत्रिकेवर मैत्रिणीसारखं एक नाव.

पण याच मेलोनींच्या कार्यालयाने ऑक्टोबर २०२२मध्ये कळवलं होतं की त्यांचं पदनाम पुल्लिंगी वापरावं. इटालियनमध्ये त्या पदाआधी लागणारं उपपद त्यांना स्त्रीलिंगी नको होतं. मत मागताना घरचं नाव, कागदोपत्री पुल्लिंगी पद. मला यात विसंगती दिसत नाही. एका हुशार राजकारणी बाईने नेमकं ओळखलंय की जवळीक कुठे मिळते आणि अधिकार कुठे.

फ्रान्समध्ये मरीन ल पेन यांनी २०१७च्या प्रचारात नुसतं 'मरीन' वापरलं, कारण अतिउजवे नेते असलेल्या वडिलांच्या आडनावाला चिकटलेला इतिहास त्यांना मागे सोडायचा होता. क्लाउदिया आणि सोचित्ल यांच्या प्रचारानेही पहिलीच नावं पुढे केली होती. हे त्यांचे निर्णय, आणि त्यांचा मान राखला पाहिजे. पण निवड माणूस समोर जे मांडलेलं असतं त्यातूनच करतो. आडनाव दुसऱ्याच्या सावलीत असेल आणि पहिलं नाव लोकांच्या ओठांवर आधीच असेल, तर शहाणा उमेदवार तेच घेणार.

शिवाय प्रचाराची हाक आणि बातमीतला उल्लेख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समर्थक मोदींना 'नमो' म्हणतात, बातमीत 'मोदी' लिहिलं जातं. झेंडा नेणाऱ्याने दिलेलं नाव बातमी देणाऱ्याने उचलायचं नसतं, हा नियम पुरुषांसाठी आपण सहज पाळतो.

## 'काही देशांत तर सगळ्यांनाच पहिल्या नावाने ओळखतात'

बरोबर, आणि तिथे तक्रारीचं कारणच उरत नाही. आइसलँडमध्ये आपल्या अर्थाने आडनाव बहुतेकांना नसतंच. 'याकोब्सडॉटिर' म्हणजे याकोबची मुलगी, एवढंच. तिथे सगळ्यांची ओळख पहिल्या नावाने, फोनची यादीसुद्धा त्याच क्रमाने. १९८०मध्ये विग्दिस फिनबोगाडॉटिर निवडून आल्या, लोकांनी थेट मतदानाने निवडलेल्या जगातल्या पहिल्या स्त्री राष्ट्राध्यक्ष. त्या 'विग्दिस' होत्या, आणि तिथले पुरुष पंतप्रधानही पहिल्याच नावाने ओळखले जात. थायलंडमध्येही तसंच: थाक्सिन आणि त्यांची बहीण यिंगलक, दोघंही पंतप्रधान झाले, दोघंही पहिल्या नावाने. तिथे ती एकतर्फी हाक नाही. आइसलँडच्या माजी पंतप्रधान कात्रिन याकोब्सडॉटिर यांना परदेशी बातमीत नुसतं 'याकोब्सडॉटिर' लिहिलं तर तीच चूक, कारण ते त्यांचं आडनावच नव्हे.

## 'आडनाव तरी कुठे तिचं? बापाचं नाही तर नवऱ्याचं'

हे एका मैत्रिणीने मला विचारलं आणि मी थोडा वेळ गप्प बसले. पहिलं नाव हेच बाईचं खरं स्वतःचं, मग ते लपवून पुरुषाचं नाव पुढे करणं ही कुठली समता?

माझं उत्तर असं: ट्रम्प आणि बुश ही आडनावंही त्यांच्या बापांचीच आहेत. मुलाला मिळालेलं आडनाव त्याच्या कर्तृत्वाने त्याचं होतं, मुलीचं मात्र कायम उसनं राहतं, असं का मानायचं? 'मर्केल' ऐकल्यावर आज कुणालाही तो पहिला नवरा आठवत नाही. ते आडनाव अँगेला यांनी आपलं करून घेतलं, आणि लोकांनी ते त्यांना देऊन टाकलं.

## मग लिहायचं कसं?

मी आता एवढंच करते: पहिल्यांदा प्रत्येकाचं पूर्ण नाव, पुढे त्या मजकुरात सगळ्यांना एकच माप. आडनावं सारखी असतील तर दोघांचीही पूर्ण नावं, पुरुषाचंसुद्धा.

एक अडचण नेहमी सांगितली जाते, की नुसत्या आडनावाने ती बाई आहे हे वाचकाला कळणार कसं? इंग्रजीत ही अडचण खरीच येत असेल. मराठीत बऱ्याचदा क्रियापदच ते काम करतं. 'ट्रम्प म्हणाले' आणि 'हॅरिस म्हणाल्या'. वाक्य संपायच्या आत वाचकाला सगळं कळलेलं असतं. जुन्या मजकुरातली ती ओळ मी दुरुस्त करून ठेवली आहे: 'ट्रम्प यांनी आरोप केला, त्यावर हॅरिस म्हणाल्या.' पहिल्यांदा वाचताना जिभेला जरा अडखळायला झालं. चौथ्या-पाचव्यांदा वाचलं तेव्हा काही वाटलं नाही.